दोघांच्या दोन सायकली

एखादे जोडपे सायकलवरून देश फिरून आले की वर्तमानपत्रात फोटो येतो. दोघांच्या डोक्यावर हेल्मेट, मागे समुद्र नाहीतर बर्फाचा डोंगर, खाली किलोमीटरचा आकडा. आम्ही रविवारी वंदनेनंतर विहारात रक्तदाब मोजायला बसतो, तेव्हा असा पेपर हातोहात फिरतो. पुरुष म्हणतात, "पैसेवाल्यांचे चोचले आहेत." बाया काही म्हणत नाहीत. त्या फोटो जरा जास्त वेळ पाहतात आणि पेपर पुढे देतात. आज या पानावर आम्हाला त्या जास्त वेळ पाहणाऱ्या बायांची बाजू घ्यायची आहे.

पुरुषांचे म्हणणे अगदीच खोटे नाही. काश्मीर ते कन्याकुमारी हे अंतर साडेतीन हजार किलोमीटरच्या वर भरते. दिवसाला साठ किलोमीटर धरले तरी दोन महिने लागतात. दोन महिने रोजगार बुडवणे आपल्या कोणत्या घराला परवडेल? पण जोडप्याने घर सोडून लांब जाणे हे मात्र आपल्याला नवीन नाही. वाशी, भूम, कळंब भागातून दिवाळीच्या सुमारास ट्रॅक्टर निघतात. ट्रॉलीत संसार, लेकरे आणि वर बसलेले नवरा-बायको. ऊसतोडीत जोडप्याला नावसुद्धा नाही. मुकादमाच्या वहीत नवरा-बायको मिळून 'एक कोयता' असतो. पाच-सहा महिने परमुलखात काढून हा कोयता परत येतो, तेव्हा कुणी हार घेऊन उभे राहत नाही. म्हणजे आपली जोडपी प्रवास करतातच, पण तो कामासाठी असतो, उचल फेडण्यासाठी असतो. स्वतःच्या मर्जीने, स्वतःच्या चालीने, दोघांनी मिळून रस्ता पाहायला निघणे हे आपल्या वाट्याला आलेले नाही. आणि म्हणूनच ते आपल्याला परक्याचे वाटते.

सायकलवरून हा देश फिरलेल्या जोडप्यांमध्ये फार आधीचे नाव एका अमेरिकन नवरा-बायकोचे आहे. विल्यम हंटर वर्कमन हा डॉक्टर होता. तब्येत साथ देईना म्हणून त्याने दवाखाना बंद केला होता. १८९७ च्या नोव्हेंबरात तो आणि त्याची बायको फॅनी बुलक वर्कमन यांनी या भागातला प्रवास सुरू केला. त्याचे वय ५०, तिचे ३८. हिंदुस्थानच्या दक्षिण टोकापासून हिमालयाच्या पायथ्यापर्यंत सुमारे चार हजार मैल ती दोघे आपापल्या सायकलींवर गेली. सामान थोडे होते. चहा, साखर, बिस्किटे, डब्यातले मांस, उशा, एकेक ब्लँकेट, औषधे आणि पंक्चरचे साहित्य. कधी कधी एका दिवसात चाळीस पंक्चर काढावे लागले. लंका, ब्रह्मदेश, जावा धरून अडीच वर्षांत चौदा हजार मैलांचा प्रवास झाला आणि त्यावर त्यांनी १९०४ मध्ये पुस्तक काढले. डॉक्टर पुढे नव्वदीपर्यंत जगला. फॅनीबाई मात्र ६६ व्या वर्षी, दीर्घ आजारानंतर गेल्या. म्हणून सायकल चालवली की आयुष्य अमुक वर्षांनी वाढते असला हिशेब आम्ही मांडणार नाही. तब्येतीने दवाखाना सोडायला लावलेला माणूस पन्नाशीत बायकोच्या बरोबरीने पॅडल मारत देश ओलांडू शकला, एवढेच सांगायचे आहे.

फॅनीबाई सायकलवर बसल्या त्या काळात विलायतेतले काही डॉक्टर बायकांना भीती घालत होते. सायकल चालवल्याने बाईचा चेहरा कायमचा ताणला जातो, डोळे बाहेर येतात, असे ते लिहीत. त्या कथित आजाराला 'सायकल-चेहरा' असे नावही दिले होते. पोटाच्या आतल्या भागाला धक्का बसतो, मूल होत नाही, हेही सांगितले जाई. असा काही आजार नव्हता आणि नाही. पण सव्वाशे वर्षांनंतर आमच्या रविवारच्या टेबलासमोर बसून चाळिशीची बाई विचारते, "ताई, सायकलनं गर्भपिशवी सरकते म्हणतेत, खरं का?" नाही. सायकलने पिशवी सरकत नाही. ती खाली येते ती लागोपाठच्या बाळंतपणांनी, बाळंतपणानंतर विश्रांती न मिळाल्याने, वर्षानुवर्षे जड ओझी उचलल्याने. ज्या बाईने डोक्यावर उसाची मोळी घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढावे असे सगळ्यांना चालते, तिच्या पिशवीची काळजी नेमकी ती सायकलला हात लावते तेव्हाच का वाटू लागते? शेजारच्या बीड जिल्ह्यात ऊसतोड बायांच्या पिशव्या काढल्या गेल्याचा प्रश्न २०१९ मध्ये विधिमंडळात गाजला, चौकशी समिती नेमावी लागली. त्या बायांच्या हातात कोयता होता, सायकल नव्हती. पिशवी खरोखर खाली आलेली असेल, लघवी अडत किंवा गळत असेल, तर आधी डॉक्टरीणबाईंना दाखवा आणि मगच सीटवर बसा. गरोदरपणातही त्यांना विचारूनच. बाकी भीती सोडून द्या.

वर्कमन जोडप्याच्या प्रवासातली एक गोष्ट मात्र आम्हाला वाचताना टोचली. रात्री कुठे सोय झाली नाही तर ते रेल्वे स्टेशनच्या वेटिंग रूममध्ये झोपत. गोऱ्या माणसाला दार उघडे होते. त्याच काळात, १९०१ मध्ये, नऊ-दहा वर्षांचे भीमराव आपल्या भावंडांबरोबर मसूर स्टेशनावर उतरले. वडिलांकडे जायचे होते. जात कळताच गाडीवाले बैलगाडी द्यायला तयार होईनात. दुप्पट भाडे कबूल केले, गाडी मुलांनी हाकायची असे ठरले, तेव्हा एक जण तयार झाला. जवळ जेवणाचे डबे होते, पण पाणी मिळाले नाही म्हणून भरल्या डब्यासमोर पोरे उपाशी राहिली. पुढे १९३४ मध्ये आपल्याच मराठवाड्यात, दौलताबादच्या किल्ल्यावर, बाबासाहेबांनी आणि सोबतच्या कार्यकर्त्यांनी हौदाच्या पाण्याने हातपाय धुतले तर आरडाओरडा झाला. बाबासाहेबांनी हे सगळे 'वेटिंग फॉर अ व्हिसा' मध्ये स्वतः लिहून ठेवले आहे. ज्यांच्या घरात ते पुस्तक आहे त्यांनी ते प्रवासाचे पुस्तक म्हणून पुन्हा एकदा वाचावे. पाणी, गाडी, मुक्काम या प्रवाशाच्या तीन गरजा आहेत आणि जातीने तिन्ही ठिकाणी आपल्याला अडवले.

सायकलचेही तेच. गावातून जाताना अमुक वाड्यासमोर सायकलवरून उतरून हातात धरून चालावे लागे, असे आपली जुनी माणसे सांगतात. म्हणून सायकल आपल्याकडे नुसते वाहन नाही. १९८३ मध्ये कांशीरामजींनी डीएस-४ च्या नावाने सायकलींचा मोर्चा अनेक राज्यांतून फिरवला. दोन पाय आणि दोन चाके यांची किमया, असे ते म्हणत. आणि जोडप्याचीच गोष्ट हवी असेल तर ओडिशातल्या दलित घरात जन्मलेले चित्रकार प्रद्युम्नकुमार महानंदिया यांची घ्या. शाळेत ज्यांना वेगळे बसवले जाई, त्या माणसाने दिल्लीत रस्त्यावर माणसांची चित्रे काढून पोट भरले. १९७५ मध्ये शार्लोट नावाच्या स्वीडनच्या मुलीचे चित्र काढले आणि दोघांचे जमले. ती परत गेली. विमानाचे तिकीट परवडणारे नव्हते. १९७७ मध्ये त्यांनी जवळचे सामान विकले, जुनी सायकल घेतली आणि अफगाणिस्तान, इराण, तुर्कस्तान असे करत युरोप गाठला. शेवटचा टप्पा आगगाडीने केला. संसार स्वीडनमध्ये झाला. याला चोचले कोण म्हणेल?

आता वस्तीत परत येऊ. शाळेतून मिळालेली मानव विकासची सायकल आपल्या कितीतरी मुलींकडे होती. आठवी ते बारावी या मुली तीन-चार किलोमीटर अंतर रोज कापत होत्या. मग लग्न झाले. सायकल कुठे गेली? भावाने वापरली, नाहीतर भंगारात दिली, नाहीतर अजून पत्र्याच्या मागे टायर सडवत उभी आहे. सासरी सायकल घेऊन गेलेली सून आम्ही पाहिलेली नाही. फ्रीज जातो, कपाट जाते, हल्ली पोराला मोटारसायकल जाते. मुलीला पाच वर्षे जी गोष्ट येत होती, तीच मागे राहते. त्या सुनेला मग दवाखान्यात जायचे तर नवरा मोकळा होण्याची वाट पाहावी लागते. तीन किलोमीटरवरच्या उपकेंद्रात गोळ्या संपल्या म्हणून महिनाभर न जाणाऱ्या बाया आमच्या वहीत आहेत. रक्तदाबाची गोळी बंद होण्याचे कारण पुष्कळदा 'नेणारे कुणी नाही' हेच असते. देशभर फिरणाऱ्या जोडप्याच्या फोटोत आम्हाला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती गोष्ट म्हणजे सायकली दोन असतात. बाई मागे कॅरिअरवर बसलेली नसते.

पुण्याच्या प्रीती मस्के यांनी २०२२ च्या नोव्हेंबरात गुजरातच्या कोटेश्वरपासून अरुणाचलच्या किबिथूपर्यंत सुमारे चार हजार किलोमीटर अंतर चौदा दिवसांच्या आत सायकलने कापले. वय पंचेचाळीसच्या आसपास, दोन मुलांची आई. आजारपणातून बाहेर पडायला म्हणून व्यायामाला लागलेली बाई. त्यांची चाल विक्रमाची आहे, दिवसाला २८० किलोमीटरच्या वर. ती आपल्याला नको. पण चाळिशीनंतर बाईचे शरीर नव्याने काही शिकत नाही, हा समज त्यांच्याकडे पाहून तरी सोडावा.

इथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे, नाहीतर लोक आमच्यावर हसतील. उसाच्या फडातून, विटभट्टीवरून आलेल्या माणसाला व्यायामाची गरज नसते. त्याला झोप, डाळ आणि दोन दिवस सुट्टी लागते. आम्ही बोलतो आहोत ते ज्यांचे आयुष्य बसून झाले आहे त्यांच्याशी. शिवणयंत्रावर दिवस काढणाऱ्या बाया, रिक्षावाले, कचेरीतले शिपाई-कारकून, दुकानात बसणारे, आणि चौकापर्यंत चहाला मोटारसायकलवर जाणारी आपली तरणी पोरे. वस्तीत शुगर आणि रक्तदाब यांच्याच घरांत जास्त सापडतात. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम सांगते. रोज अर्धा तास सायकल, आठवड्यातून पाच दिवस, की झाले. गुडघे दुखणाऱ्याला चालण्यापेक्षा सायकल बरी जाते, कारण अंगाचा भार सीटवर असतो.

सीटचे मात्र नीट बघा. आपल्याकडे सायकल घरात एकच, चालवणारे चार, आणि सीट कायम सगळ्यात लहान पोराच्या मापाची. पॅडल सगळ्यात खाली असताना गुडघा किंचितच वाकलेला राहिला पाहिजे. तो जास्त दुमडत असेल तर दहा दिवसांत गुडघा धरेल आणि दोष सायकलला लागेल. पाना घेऊन सीट वर करायला दोन मिनिटे लागतात. बाईसाठी रुंद सीट बसवून घ्या, साडीऐवजी पंजाबी ड्रेस घाला आणि ओढणी कमरेला बांधा, चाकात जाऊ देऊ नका. सुरुवातीला आधी रक्तदाब, साखर आणि हिमोग्लोबिन तपासा. प्राथमिक आरोग्य केंद्रात हे होते. जिना चढताना दम लागत असेल, पापण्या आतून पांढुरक्या दिसत असतील, तर महिनाभर लोहाच्या गोळ्या आधी, सायकल नंतर. शुगरच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी उपाशीपोटी निघू नये आणि खिशात गुळाचा खडा ठेवावा. घाम सुटून हात थरथरले की लगेच थांबून तो खायचा. छातीत दाबल्यासारखे झाले तर मात्र गूळ नाही, पाणी नाही, सरळ दवाखाना.

उन्हाचे काय सांगायचे, आपला जिल्हा आहे. मार्चपासून सकाळी नऊनंतर सायकल नको. लांब जायचे तर एक लिटर पाण्यात साखरेचे सहा सपाट चमचे आणि मिठाचा अर्धा चमचा, तोच चहाचा चमचा, असे पाणी बरोबर घ्या. शुगर असणाऱ्यांनी त्याऐवजी साधे पाणी आणि पातळ ताक घ्यावे. आणि साखर कारखाने सुरू असतात त्या दिवसांत अंधारात हमरस्त्यावर जाऊ नका. दिवे नसलेल्या उसाच्या ट्रॉल्यांनी किती घरे बसवली ते आपल्याला ठाऊक आहे. मागच्या मडगार्डला लाल चमकपट्टी लावा, ती थोड्या रुपयांत मिळते.

पाणी मिळण्याचा प्रश्न वर आला. बाईच्या बाबतीत पाणी सोडण्याचा प्रश्न त्याहून मोठा आहे आणि त्यावर कुणी लिहीत नाही. वस्तीतल्या बायांना तुळजापूरला किंवा सोलापूरला जायचे असले की त्या सकाळपासून पाणी पीत नाहीत. एसटीत वाटेत जायला लागले तर काय करायचे, ही भीती. हीच सवय त्या सायकलवर घेऊन येतील. मग लघवीला आग, ओटीपोटात कळ, थंडी वाजून ताप. ताप आणि पाठीत एका बाजूला दुखणे असेल तर संसर्ग मूत्रपिंडापर्यंत गेलेला असू शकतो, घरगुती धने-जिऱ्याच्या पाण्यावर राहू नका. पण मूळ इलाज औषधाचा नाही, जागेचा आहे. नवरा रस्त्याच्या कडेला कुठेही उभा राहतो, त्यामुळे त्याच्या हे ध्यानातच येत नाही. दोघे निघालात तर वाटेतल्या जागा शोधणे हे नवऱ्याने आपले काम समजावे. पेट्रोल पंप, बसस्थानक, ओळखीचे घर. निघण्याआधी दोन तासांच्या अंतराने एक जागा ठरवा आणि बाटली भरून घ्या.

यातूनच आमची एक मागणी आहे आणि ती सरकारकडे नाही, आपल्याच विहार समित्यांकडे आहे. परंड्यापासून उमरग्यापर्यंत आपल्या जिल्ह्यात रस्त्यालगत किती विहार आहेत ते मोजून पाहा. त्यातल्या प्रत्येकात पिण्याचे पाणी, बाईला वापरता येईल असे कडी असलेले स्वच्छतागृह आणि रात्री दोन सतरंज्या टाकण्याची जागा, एवढे झाले तर आपले जोडपे जिल्हा ओलांडू शकते आणि मुक्कामाच्या जागी कुणी आडनाव विचारणार नाही. आज पैसा असूनही आडनाव सांगताना जीभ अडखळते, हे ज्यांनी परगावी खोली शोधली आहे त्यांना आम्ही सांगायला नको. जुन्या काळी व्यापारी वाटांवरची लेणी आणि विहार वाटसरूंच्या उपयोगी पडत. आपण विहाराला संगमरवर लावतो, कमान उभारतो आणि संडास 'पुढच्या टप्प्यात' ठेवतो. देणगीदाराचे नाव कमानीवर शोभते, संडासावर शोभत नाही, एवढेच त्यामागचे कारण आहे, असे आमचे मत झाले आहे. कुणाला राग आला तर यावा.

देशाचा प्रवास नंतर पाहू. आधी जिल्हा घ्या. धाराशिव शहरातून तेर वीस-बावीस किलोमीटर. जुने तगर ते हेच. पहिल्या शतकातल्या ग्रीक खलाशाच्या नोंदीत इथल्या कापडाचा उल्लेख आहे. ते पैठणच्या मालाबरोबर गाड्यांतून भडोचच्या बंदरापर्यंत जाई. सातवाहनकाळातल्या विटांच्या स्तूपाचे अवशेष तेरला उकरून काढले गेले, आणि रामलिंगप्पा लामतुरे वस्तुसंग्रहालयात त्या काळच्या वस्तू आहेत. दुसऱ्या रविवारी कसबे तडवळे. १९४१ च्या फेब्रुवारीत महार-मांग वतनदार परिषदेसाठी बाबासाहेब तिथे आले होते. अशा दोन-चार फेऱ्या अंगवळणी पडल्या की साठ किलोमीटर हा आकडा भीती दाखवत नाही.

गेल्या हिवाळ्यात आम्ही सात जोडपी तेरला जाऊन आलो. चौदा माणसे, अकरा सायकली. तीन बाया कॅरिअरवर बसून आल्या, हे आमचे अपयश. त्यातली एक येताना नवऱ्याला म्हणाली, "आता तुम्ही मागं बसा." तो बसला नाही, पण सायकल तिच्या हातात देऊन अर्धा किलोमीटर मागून चालत आला. शाळा सुटल्यापासून, म्हणजे एकोणीस वर्षांनी, ती सायकलवर बसली होती आणि एकदाही पाय खाली टेकला नाही. वाटेत एका विहारापाशी थांबलो. आत स्वच्छतागृह होते, चांगले फरशीचे, पण त्याला कुलूप. किल्ली सेक्रेटरींकडे आणि सेक्रेटरी शेतावर. समोरच्या घरातली आजी म्हणाली, "या बायांनो, माझ्या इथं या." सगळ्या बाया एकेक करून जाऊन आल्या. आजीने पाणी दिले आणि पुढच्या खेपेला आधी निरोप पाठवा म्हणाली, किल्ली ती आदल्या रात्रीच मागून ठेवणार आहे.